वीज गेल्यानंतर हिशेबाची फाइल उघडत नाही: कोणत्या क्रमाने तपासावे आणि काय मुळीच पुसू नये

लक्षणे

प्रोग्राम सुरू करताच 'डेटाबेस डिस्क इमेज इज मालफॉर्म्ड' किंवा 'फाइल इज नॉट अ डेटाबेस' असा इंग्रजी संदेश येतो आणि खिडकी मिटते. काही ठिकाणी प्रोग्राम उघडतो, पण काल दुपारनंतरच्या पावत्या दिसत नाहीत. किंवा पावती दिसते, मात्र खतावणीत तिची रक्कम चढलेली नसते. कधी 'डेटाबेस इज लॉक्ड' असे सांगून प्रोग्राम नवी नोंद घेण्यास नकार देतो, कधी 'डिस्क आय-ओ एरर' येते, आणि सर्वांत वाईट म्हणजे फाइल जागच्या जागी असते पण तिचा आकार शून्य दाखवला जातो. याखेरीज फोल्डरमध्ये मूळ फाइलच्याच नावाची, शेवटी '-जर्नल' किंवा '-वॉल' असे शेपूट असलेली, पूर्वी कधी न पाहिलेली एखादी फाइल दिसते. लोक हेही बिघाडाचेच लक्षण समजतात. वास्तविक ते औषध आहे, आणि या लेखातील बहुतेक मजकूर त्या एका गैरसमजाविषयी आहे.

फोंडा, डिचोली, सत्तरी आणि पेडणे या तालुक्यांतील पतसंस्था, वाचनालये, औषधांची दुकाने आणि देवस्थानांच्या कचेऱ्या येथील संगणकांची कामे मी करतो. मृगाचा पाऊस सुरू झाला, झाडे तारांवर पडू लागली, की हीच तक्रार दर आठवड्याला येते. चवथीच्या आधी, दुकानांत गर्दी असताना, ती रोज येते. इतक्या वेळा ती निस्तरल्यावर माझे ठाम मत झाले आहे की वीज जाण्याने फाइल क्वचितच कायमची बिघडते. ती बिघडते वीज परत आल्यानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांत, गिऱ्हाईक समोर उभे असताना घाईने केलेल्या उपायांनी.

फाइल अर्धवट का राहते

लहान कचेऱ्यांतील पुष्कळ प्रोग्राम सगळी माहिती एकाच फाइलमध्ये ठेवतात आणि त्यांच्या पोटात बहुधा एसक्यूलाइट हा एका फाइलमध्ये मावणारा डेटाबेस असतो. ही फाइल पानांची बनलेली असते; आजकाल एक पान साधारणपणे ४०९६ बाइटचे असते. आपण ५०१ रुपयांची एक पावती फाडतो तेव्हा पावत्यांच्या तक्त्यातील एक पान, खतावणीतील एक पान आणि शोध सोपा व्हावा म्हणून ठेवलेल्या सूच्यांची एक-दोन पाने, अशी अनेक पाने एकामागून एक बदलावी लागतात. दुसरे पान लिहून झाले आणि तिसरे लिहायचे असताना वीज गेली, तर फाइल ना कालची राहते ना आजची.

म्हणून एसक्यूलाइट पान बदलण्याआधी त्या पानाची जुनी प्रत शेजारच्या '-जर्नल' फाइलमध्ये उतरवते, ती डिस्कवर खरोखर पोहोचल्याची खात्री करून घेते, आणि मगच मूळ फाइलला हात लावते. सर्व नवी पाने लिहून डिस्कवर पोहोचली की शेवटी जर्नल पुसते. येथे नीट लक्ष द्यावे: नेहमीच्या मांडणीत जर्नल पुसली जाणे हीच व्यवहार पक्का झाल्याची सही असते. वीज मध्येच गेली तर जर्नल मागे उरते, आणि पुढच्या वेळी फाइल उघडताना एसक्यूलाइट ती पाहून जुनी पाने परत जागेवर बसवते. अर्धवट पावती नाहीशी होते, फाइल मात्र धड राहते. आता कोणी ती जर्नल 'कचरा' म्हणून स्वतःच्या हाताने पुसली, तर त्याने अर्ध्या लिहिलेल्या व्यवहाराखाली पक्केपणाची सही केली, असाच त्याचा अर्थ होतो.

दुसरी पद्धत २०१० साली ३.७.० या आवृत्तीत आली, आणि ती जुन्या कारकुनांना लगेच समजेल, कारण ती आपल्या कीर्द-खतावणीसारखीच आहे. आधी कीर्द, मग खतावणी. नवी पाने आधी '-वॉल' फाइलमध्ये ओळीने लिहिली जातात आणि काही काळाने, साधारण एक हजार पाने साठली की, मूळ फाइलमध्ये चढवली जातात. म्हणजे वॉल फाइलमध्ये कालच्या दुपारच्या पक्क्या झालेल्या, पण अजून खतावणीत न चढलेल्या पावत्या असू शकतात. ती फाइल टाकून देणे म्हणजे कीर्दीची पाने फाडणे होय. आणि चढवण्याचे काम अर्ध्यावर असताना फाडली, तर खतावणीही वाया जाते.

ही चूक केवळ लहान कचेऱ्यांत होते असे नाही. पोस्टग्रेस या मोठ्या डेटाबेसमध्ये अशा नोंदींचे फोल्डर पूर्वी 'पीजी एक्सलॉग' या नावाचे होते. 'लॉग' म्हणजे बिनकामाच्या नोंदी असे समजून लोक ते वारंवार रिकामे करीत आणि डेटाबेस कायमचा गमावत. म्हणून २०१७ साली आलेल्या दहाव्या आवृत्तीत त्याचे नाव बदलून 'पीजी वॉल' ठेवावे लागले.

तपासण्या, सोप्यापासून अवघडाकडे

पहिले काम फुकटाचे आहे: सर्व संगणकांवरील तो प्रोग्राम बंद करावा आणि आलेल्या संदेशाचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. संदेशातील नेमके शब्द महत्त्वाचे असतात. 'लॉक्ड' म्हणजे फाइल बहुधा धड आहे आणि दुसरा कोणीतरी ती धरून बसला आहे. 'मालफॉर्म्ड' म्हणजे पानांचा मेळ बसत नाही. 'आय-ओ एरर' म्हणजे संशय डिस्कवर किंवा केबलवर घ्यावा. या तिन्हींचे उपाय वेगळे आहेत, आणि 'काहीतरी एरर आली' एवढेच आठवत असेल तर आपण अंधारात चाचपडतो. 'लॉक्ड' असल्यास अनेकदा शेजारच्या टेबलावरच्या संगणकावर उघडा राहिलेला प्रोग्राम बंद करण्याने काम होते. नाही झाले तर संगणक रीतसर बंद करून सुरू करावा, बटण दाबून धरू नये.

त्यानंतर डिस्कवरची मोकळी जागा पाहावी. जागा संपल्यामुळे अर्धवट राहिलेले लिखाण वीज गेल्याच्या दिवशीच लक्षात येते आणि दोष विजेला दिला जातो. एसक्यूलाइट अशा वेळी सहसा व्यवहार मागे घेते, पण जे प्रोग्राम जतन करताना जुनी फाइल रिकामी करून तीवरच पुन्हा लिहितात त्यांची फाइल येथेच शून्य आकाराची होते. जागा करायची तर छायाचित्रे, जुने व्हिडिओ दुसरीकडे हलवावेत. डेटाबेसच्या फोल्डरमधील एकही फाइल, नाव कितीही परके वाटले तरी, हलवू नये.

मग ते फोल्डर उघडून नुसते पाहावे. मूळ फाइल, तिच्याजवळची '-जर्नल', '-वॉल' किंवा (वॉलच्या सोबतीने येणारी) '-एसएचएम' शेपटाची फाइल, प्रत्येकीचा आकार आणि शेवटच्या बदलाची वेळ कागदावर लिहून घ्यावी. मूळ फाइलचे नाव बदलणेही टाळावे, कारण जोडीदार फाइल नावावरूनच ओळखली जाते. 'हिशेब' चे 'हिशेब जुना' केले की प्रोग्रामच्या दृष्टीने जर्नल अनाथ होते. उलट बाजूने, कालच्या बॅकअपची मूळ फाइल आणून आजच्या जर्नलशेजारी ठेवणे तर त्याहून घातक आहे, कारण मग एका फाइलची पाने दुसरीत बसवली जातात.

फोंडा तालुक्यातील एका देवस्थानच्या कचेरीत जत्रेच्या आदल्या संध्याकाळी मी पोहोचलो तेव्हा खजिनदार पावतीपुस्तके उघडून बसले होते आणि मदतीला आलेला कॉलेजातला मुलगा रडवेला झाला होता. 'काका, लॉकची फाइल होती ती मीच काढली', तो म्हणाला. दुसऱ्या संगणकावर प्रोग्राम अडकून राहिल्यामुळे 'लॉक्ड' असा संदेश येत होता, आणि जर्नल पुसली की कुलूप निघते असे त्याने कोठेतरी वाचले होते. कुलूप निघाले आणि 'मालफॉर्म्ड' आले. सुदैवाने त्यानंतर कोणी एकही नवी नोंद केली नव्हती आणि पुसलेली फाइल रिसायकल बिनमध्ये होती: ३७ केबी, वेळ ६ वाजून ४२ मिनिटे, म्हणजे वीज गेली तीच वेळ. मी मूळ फाइल आणि ती जर्नल दोन्हींच्या प्रती एका वेगळ्या डिस्कवर त्याच नावांनी शेजारी शेजारी ठेवल्या आणि प्रत उघडली. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच जर्नल नाहीशी झाली, फाइल उघडली, आणि शेवटची पावती ११८४ क्रमांकाची निघाली. खजिनदारांच्या पुस्तकात ११८५ फाडलेली होती. ती एक पुन्हा लिहिली. त्या मुलाने कायमचे पुसले असते, किंवा पुसल्यावर दोन नव्या पावत्या केल्या असत्या, तर ती रात्र कागदावरून पूर्ण वर्ष उभे करण्यात गेली असती.

यानंतरची पायरी याच प्रसंगातून येते: पूर्ण फोल्डरची प्रत करावी, प्रोग्राम बंद असताना करावी, आणि पुढचे सर्व प्रयोग त्या प्रतीवर करावेत. मूळ फोल्डर जसे सापडले तसे राहिले पाहिजे, कारण दुरुस्तीचा पहिला प्रयत्न फसला तर दुसरा प्रयत्न करायला तेवढेच शिल्लक असते. पेनड्राइव्हवर प्रत घेतली असेल तर दोन्हीकडचे आकार बाइटपर्यंत जुळवावेत आणि ड्राइव्ह रीतसर 'इजेक्ट' करूनच काढावा. प्रत अर्ध्यात तुटणे हाही याच रोगाचा प्रकार आहे. फॅट-३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, हेही ध्यानात असावे.

प्रत हाती आल्यावर तिच्यावर प्रोग्राम किंवा एसक्यूलाइटचे मोफत मिळणारे कमांड-लाइन साधन चालवावे आणि फाइलला स्वतःला सावरण्याची संधी द्यावी. त्या फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी आहे ना, ते आधी पाहावे; नसेल तर एसक्यूलाइटला जर्नल वाचूनही काही करता येत नाही आणि बिघाड नसताना बिघाड दिसतो. मग 'प्राग्मा इंटेग्रिटी-चेक' ही आज्ञा द्यावी, जी अर्थातच इंग्रजीत आणि मधल्या रेघेऐवजी अंडरस्कोर घालून टंकावी लागते. उत्तर 'ओके' आले तर पानांची रचना धड आहे. अमुक ओळ सूचीत नाही, एवढ्याच तक्रारी आल्या तर मूळ माहिती बहुधा शाबूत असून केवळ सूची बिघडलेली असते, आणि 'रीइंडेक्स' या आज्ञेने ती पुन्हा बांधता येते. पानांच्या, साखळीच्या तक्रारी आल्या तर पुढची पायरी लागेल.

'ओके' आले म्हणून निश्चिंत होऊ नये. ही तपासणी फाइलची रचना पाहते, हिशेब पाहत नाही. प्रोग्राम लिहिणाऱ्याने पावती आणि खतावणी या दोन नोंदी एका व्यवहारात न बांधता स्वतंत्रपणे लिहिल्या असतील, तर वीज त्या दोहोंच्या मध्ये गेल्यावर फाइल तांत्रिकदृष्ट्या निर्दोष राहते आणि रोकड मात्र जुळत नाही. म्हणून शेवटच्या वीस पावत्या कागदी पुस्तकाशी आणि दिवसाची शिल्लक गल्ल्याशी ताडून पाहावी. तफावत सापडली तर प्रोग्राम देणाऱ्याला लेखी कळवावे, कारण तो दोष आपल्या संगणकाचा नाही आणि आपण तो दुरुस्त करू शकत नाही.

इथपर्यंत येऊनही दर महिन्याला हेच घडत असेल तर फाइल कोठे राहते ते पाहावे. सामायिक फोल्डरमध्ये ठेवून तीन संगणकांवरून एकच एसक्यूलाइट फाइल वापरणे हे मी सर्वाधिक वेळा पाहिलेले मूळ कारण आहे. नेटवर्कवरून फाइलला कुलूप घालण्याची व्यवस्था भरवशाची नसते, आणि वॉल पद्धत तर नेटवर्कवरील फाइलसाठी चालतच नाही, कारण तिला सर्व वापरकर्ते एकाच संगणकावर असावे लागतात. तसेच क्लाउडशी आपोआप जुळणाऱ्या फोल्डरमध्ये चालू डेटाबेस ठेवू नये; ती सेवा मूळ फाइल एका क्षणी आणि जर्नल दुसऱ्या क्षणी उचलते, आणि परत आणताना वेगवेगळ्या क्षणांची जोडी जमवते.

सर्वांत शेवटी वीज आणि डिस्क, कारण येथे पैसे खर्च होतात. यूपीएस आहे एवढे पुरेसे नाही. आपल्या दमट हवेत आणि वारंवारच्या झटक्यांत त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांत दमते आणि दिवा हिरवाच राहतो. संगणक न जोडता एखादा टेबलदिवा लावून भिंतीतील प्लग काढून पाहावा. पाच मिनिटेही टिकला नाही तर बॅटरी बदलावी. विंडोजमध्ये डिस्कच्या 'पॉलिसीज' या पानावर लिखाणाच्या बफरचे फ्लशिंग बंद करण्याचा एक पर्याय असतो. वेग वाढतो म्हणून कोणी त्यावर खूण केली असेल तर ती काढावी, कारण त्यामुळे 'डिस्कवर पोहोचले ना?' या डेटाबेसच्या प्रश्नाला खोटे 'हो' मिळू शकते, आणि वर सांगितलेली जर्नलची सगळी शिस्त त्या एका प्रश्नाच्या खऱ्या उत्तरावर उभी असते. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी 'स्मार्ट' नावाची नोंद ठेवते तीही पाहावी. बदलून घेतलेले आणि बदलाच्या प्रतीक्षेतील सेक्टर, म्हणजे डिस्कचे खराब झालेले तुकडे, वाढत असतील तर डिस्कचे दिवस भरले आहेत.

फाइलची रचनाच मोडली असेल आणि चांगला बॅकअप असेल, तर बॅकअप घ्यावा आणि मधल्या पावत्या कागदावरून भराव्यात. तोच उपाय सर्वांत प्रामाणिक आहे. बॅकअप नसेल तरच प्रतीवर 'डॉट रिकव्हर' ही आज्ञा चालवावी. ती मिळेल ती पाने वाचून नवी फाइल उभी करते, आणि ज्या ओळी कोणत्या तक्त्यातील हे कळत नाही त्या 'लॉस्ट अँड फाउंड' नावाच्या तक्त्यात टाकते. मात्र पुसलेल्या जुन्या पावत्याही कधी कधी त्यात परत येतात, म्हणून हाती आलेली फाइल हिशेब म्हणून न मानता हिशेब जुळवण्याचे साधन म्हणून वापरावी.

कोठे थांबावे

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल किंवा प्रत करताना काम एकाच जागी अडून 'आय-ओ एरर' येत असेल, तर संगणक तत्काळ बंद करावा आणि डेटा परत मिळवून देणाऱ्या तज्ज्ञाकडे डिस्क द्यावी; प्रत्येक नवा प्रयत्न तिला आणखी घासतो. फाइल कूटबद्ध असेल, किंवा मागे पोस्टग्रेस वा मायएसक्यूएलसारखा सर्व्हर असेल, तर त्याच्या फोल्डरमध्ये हात न घालता डेटाबेस सांभाळणारा माणूस बोलवावा. पतसंस्थेच्या ठेवी, कर्जे यांचा हिशेब असेल आणि बॅकअप नसेल, तर 'डॉट रिकव्हर' स्वतः चालवू नये. अध्यक्षांना आणि लेखापरीक्षकांना आधी कळवावे, कारण काय बदलले आणि कोणी बदलले हे पुढे सांगावे लागते. तज्ज्ञाला देताना संदेशाचे छायाचित्र, आकार आणि वेळा लिहिलेला कागद, आणि वीज गेल्यापासून काय काय केले त्याची खरी यादी द्यावी. काय पुसले हे लपवले तर त्याचा निम्मा वेळ चुकीच्या दिशेने जातो.

पुन्हा घडू नये म्हणून

प्रोग्राम चालू असताना फाइल उचलून पेनड्राइव्हवर टाकणे हा बॅकअप नव्हे; त्यात अर्धे जुने आणि अर्धे नवे येऊ शकते. एसक्यूलाइटची 'डॉट बॅकअप' किंवा २०१९ पासून उपलब्ध असलेली 'व्हॅक्यूम इंटू' ही आज्ञा चालू डेटाबेसची एकाच क्षणाची सलग प्रत देते; प्रोग्रामच्या मेनूतील बॅकअप यांपैकी काय वापरतो ते देणाऱ्याला विचारावे.

गावच्या वाचनालयासाठी किंवा काकांच्या दुकानासाठी स्वतः प्रोग्राम लिहिणारे विद्यार्थी आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यासाठी दोन गोष्टी कळकळीने सांगतो. एकमेकांवर अवलंबून असलेल्या नोंदी 'बिगिन' आणि 'कमिट' यांच्या मध्येच लिहाव्यात. साधी फाइल लिहायची असेल तर जुन्या फाइलवर कधीही लिहू नये: शेजारी तात्पुरती फाइल पूर्ण लिहावी, ती 'एफसिंक'ने डिस्कवर उतरवावी, आणि मगच तिला जुन्या फाइलचे नाव द्यावे, म्हणजे कोणत्याही क्षणी वीज गेली तरी जुनी पूर्ण किंवा नवी पूर्ण यांपैकी एक हाती राहते. 'एफसिंक'ने चूक कळवली तर तिकडे दुर्लक्ष करून पुन्हा हाक मारू नये. २०१८ साली पोस्टग्रेसच्या जाणकारांना असे आढळले की लिनक्सवर पहिली हाक अपयशी ठरल्यानंतर दुसरी यशस्वी झाल्याचे सांगते, पण मधले लिखाण डिस्कवर पोहोचलेलेच नसते. त्यानंतर पोस्टग्रेसने अशा वेळी काम तेथेच थांबवून नोंदींवरून पुन्हा उभे राहण्याचा मार्ग धरला.

माझ्या कचेऱ्यांत महिन्यातून एकदा बॅकअपची प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून शेवटच्या पावतीचा क्रमांक कागदी पुस्तकाशी जुळवला जातो, आणि तो क्रमांक, तारीख व जुळवणाऱ्याची सही पुस्तकाच्या मागच्या पानावर लिहिली जाते. याला दहा मिनिटे लागतात, आणि मे महिन्याच्या शेवटी, पाऊस येण्याआधी, मी हे स्वतः शेजारी बसून एकदा करून घेतो.